दार बसत नाही

आमच्या घराचं मागलं दार पावसाळ्यात बसत नाही. फणसाच्या फळ्यांचं दार, आजोबांच्या वेळचं. मिरग लागला की पाणी पिऊन फुगतं, चौकटीला अडतं आणि खांद्यानं रेटा दिला तरी चार बोटं बाहेरच राहतं. दर वर्षी चवथीच्या आधी मी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावते. दर वर्षी तो येतो, दारावरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवतो, चहा पितो आणि जातो. यंदा त्याचे गुडघे धरले म्हणून मुलगा आला. बापाच्या कानावर पेन्सिल असायची, ह्याच्या कानात मोबाईलची बोंडं. त्यानं दार दोनदा लोटून पाहिलं, बिजागऱ्या हलवल्या आणि म्हणाला, "बाय, भियेवं नाका, हांव सेट करून दितां."

बाप असता तर "बसोवन दितां" म्हणाला असता. काम तेच, शब्द बदलला. गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूच्या आमच्या गावात असे शब्द रोज बदलतात आणि कुणी मान वळवून बघत नाही. पण मी एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेली बाई. निवृत्त झाले तरी कान निवृत्त झालेला नाही. तो पोरगा चहा पीत पायरीवर बसला होता आणि माझ्या मनात आलं, ह्यानं नकळत केवढं अचूक भाषांतर केलं!

इंग्रजीतला 'सेट' हा मुळात 'सिट'चा प्रयोजक. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. आपल्याकडं पडणं-पाडणं, मरणं-मारणं असतं, तसंच. इंग्रजीनं ही सोय कधीच मोडीत काढली, पण जुन्या घरात कोनाडे राहतात तशा चार-दोन जोड्या राहून गेल्या. झाड पडतं ते 'फॉल', आपण पाडतो ते 'फेल'. सिट-सेट ही त्यातलीच. वर्गात मी हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तेव्हा पोर्शन पुरा करायची घाई असायची.

माझी आणि ह्या शब्दाची पहिली गाठ पडली ती मात्र काही सुखाची नव्हती. चौथीपर्यंत मी गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं मुक्तीनंतर खेडोपाडी ज्या मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यातली एक. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, भरायची. पाचवीला फोंड्याच्या हायस्कुलात गेले ती एकदम इंग्रजीच्या तोंडी. घरी कोंकणी, पुस्तकात मराठी आणि आता ही तिसरी. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, त्याचा अर्थ 'सूर्य पश्चिमेला सेट होतो' असा होता. दोन दिवसांनी दुसरं वाक्य आलं, आई टेबल सेट करते. मग गणिताच्या तासाला 'सेट' आला तो महिरपी कंसात आकडे घालून. मी पार गांगरले. सूर्य करतो तेच आई टेबलाला करते आणि तेच कंसातले आकडे असतात, हे कसं जमवायचं?

शाळेच्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश होता. मधल्या सुट्टीत मी धीर करून 'सेट' काढला. पान संपलं, शब्द संपला नाही. उलटलं, तरी संपला नाही. तिसऱ्या पानावर मी कोश मिटला आणि हात धुवून डबा खाल्ला.

पुढं कळलं की ती माझी एकटीची फजिती नव्हती. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 1989 साली वीस खंडांची आवृत्ती निघाली, तिच्यात सर्वांत लांबलेली नोंद ह्याच शब्दाची होती. क्रियापद म्हणून त्याचे सुमारे 430 अर्थ, वाक्प्रचार धरले तर 580च्या घरात, आणि हे सगळं समजावून सांगायला 60,000 शब्द. साठ हजार शब्दांत आपल्याकडं ठणठणीत कादंबरी होते. नंतर कोशाची नवी उजळणी सुरू झाली, तेव्हा 'मेक'नं 'सेट'ला मागं टाकलं, मग 'पुट'नं आणि 2011 साली 'रन'नं. 'रन'चे म्हणे 645 अर्थ. धावणारा शब्द बसणाऱ्याच्या पुढं गेला ह्यात नवल काही नाही, काळच तसा आहे. पण माझी निष्ठा 'सेट'पाशीच राहिली. ज्यानं पहिल्यांदा घाबरवलं, त्याच्याशी माणसाचं एक नातं होतं.

तर 430. आकडा ऐकला की इंग्रजीबद्दल आदर वाटतो आणि आपली भाषा गरीब वाटते. वर्गात मुलं म्हणायची, टीचर, आमच्यात एवढे अर्थ नसतात. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एका मे महिन्यात माझा घसा बसला.

घसा बसला म्हणून गप्प पडून होते, आणि घरात जे बोलणं चाललं होतं ते नुसतं ऐकत होते. भाऊ फोनवर कुणाला सांगत होता की धंदा बसला. त्याचे दोन ट्रक खनिज वाहायचे. 2012 साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं 88 लीझांचं नूतनीकरण रद्द केल्यावर ते ट्रक जे अंगणात बसले ते बसलेच. चाकांतून रानवेल वर चढली. वहिनी म्हणत होती की बँकेच्या हप्त्यांचा भुर्दंड बसला. आईला मुळात ट्रक घेतले तेव्हाच हिशोब बसला नव्हता. शेजारचा आंतोन सांगून गेला की त्याच्या मागल्या पडवीची भिंत पावसानं बसली. पुतणीला नव्या चपला बसत नव्हत्या. आणि संध्याकाळी भावाचे मित्र आले, उर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे दिवस, त्यांनी कुंपणाबाहेरूनच हाक मारली, "बसूया मरे?"

उभ्या महाराष्ट्र-गोव्यात ह्या 'बसूया'चा अर्थ खुर्चीवर बसणं असा कुणी घेत नाही.

घसा बसल्यामुळं त्या दिवशी हसताही आलं नाही. पण मी वहीचं एक पान घेतलं आणि लिहीत बसले. आता हा आणखी एक बसणं. 'लिहीत बसले' ह्यात बसण्याचा काही संबंध नाही, उभ्यानं लिहिलं तरी लिहीतच बसते माणूस. रडत बसतो, वाट बघत बसतो. आणि 'करून बसला' म्हटलं की त्यात नको ते करण्याचा सगळा पश्चात्ताप येतो. चटका बसतो, धक्का बसतो, ठेच लागते पण ठोकर बसते. विश्वास बसतो, जम बसतो, दातखीळ बसते, गंज बसत नाही पण गंजून मात्र बसतो. धूळ बसते. घट बसतात. वचक बसतो. आवाज बसला की वाईट, सूर बसला की चांगलं. सगळं अंगठ्याएवढ्या एका क्रियापदावर. पान भरलं, तेव्हा मी मोल्सवर्थ काढला.

मोल्सवर्थचा कोश आमच्या घरात वडिलांनी जपला. पहिली आवृत्ती 1831ची, वाढवलेली दुसरी 1857ची. आमच्याकडं दुसरीचं पुनर्मुद्रण आहे, पाठीला वाळवीनं नक्षी काढलेलं. त्यातली बसण्याची नोंद वाचताना लक्षात आलं की हा साहेब माणसांच्या पडव्यांतून पुष्कळ बसला असणार. योगायोग बघा, त्याच 1857 साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं कोशांत न आलेले इंग्रजी शब्द गोळा करायला समिती नेमली आणि त्यातून पुढं तो ऑक्सफर्डचा अजस्र कोश झाला. तो पुरा व्हायला 1928 साल उजाडलं. म्हणजे 'सेट'चे अर्थ मोजायचा विचार तिकडं नुकता सुरू होत होता, तेव्हा 'बसणें'चे अर्थ मुंबईत छापून तयार होते. असल्या फुशारक्या मारण्यात अर्थ नसतो हे मला कळतं. पण एकदा मारून घेतली.

एक गोष्ट सांगते, मग पुढं जाऊ. आमच्या गावात जत्रेला नाटक होतं. गोव्यात असं गाव विरळाच जिथं देवळाच्या उत्सवात मराठी नाटक होत नाही. गावचेच लोक, दिवसा कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, नाहीतर कचेरीत आणि रात्री राजे-सरदार. माझे वडील नाटक बसवायचे. दिवाळी झाली की तालमी, आणि रोज रात्री जेवताना आईचा प्रश्न, "बसलं का?" वडील म्हणायचे, "दुसरा अंक बसत नाही." मी लहानपणी खरंच समजायची की दुसरा अंक म्हणजे कोणीतरी हट्टी माणूस आहे, सगळे बसले तरी हा उभाच. एक वर्ष असं झालं की नायकाचं काम करणारा गडी सकाळी पोफळीवरून घसरला आणि मनगटातून हात निखळला. शेजारच्या गावात एक म्हातारा हाड बसवायचा. त्याला जीपमधून आणला. त्यानं तेल लावलं, गप्पा मारल्या, पाऊसपाण्याचं विचारलं आणि गड्याचं लक्ष दुसरीकडं असताना झटक्यात हाड बसवलं. तो गडी जे ओरडला ते मांडवात ऐकू आलं. रात्री हात गळ्यात बांधून त्यानं काम केलं, तलवार डाव्या हातात. वडील विंगेत उभे राहून पुटपुटत होते, "आज बसलं, आज बसलं." नाटक म्हणत होते की हाड, कोण जाणे.

इंग्रजीतही हाड 'सेट'च करतात. सोनार अंगठीत खडा बसवतो तेही 'सेट'. इथपर्यंत दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. पुढं मात्र आपल्याला एका शब्दाच्या जागी दहा लागतात, आणि मला त्यात आपलीच श्रीमंती दिसते. गजर लावायचा, सापळाही लावायचा. दही विरजायचं. पान मांडायचं, डाव मांडायचा, संसारही मांडायचाच. परीक्षेचा पेपर काढायचा, तारीख ठरवायची, कुत्रं अंगावर सोडायचं, पाऊस धरतो, माणूस निघतो. इंग्रजी ह्या सगळ्याला 'सेट' म्हणते, फार तर मागं 'ऑफ', 'इन', 'ऑन' असं शेपूट जोडते. ही शेपटं पाठ करून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एका मुलानं 'आईनं टेबल सेट केलं'चं मराठी 'आईनं टेबल बसवलं' असं लिहिलं होतं. मी लाल रेघ मारली. आज मारली नसती. निदान अर्धा गुण दिला असता.

आणि सेटिंग? तो शब्द आपण इंग्रजीकडून घेतला आणि त्याला असा काही अर्थ दिला की ऑक्सफर्डवाल्यांनी टोपी काढावी. "थंय सेटिंग आसा" म्हटलं की गोव्यात शेतजमिनीचा भूखंड होतो. ह्यावर जास्त लिहीत नाही. मला ह्याच गावात राहायचं आहे.

गणितातल्या कंसातल्या 'सेट'चा उलगडा फार उशिरा झाला. तो ह्या 'सेट'चा सख्खा नाहीच. तो लॅटिनमधल्या 'सेक्ता'वरून फ्रेंचमार्गे आला. एखाद्याच्या मागून जाणारा समुदाय, अनुयायी, पंथ असा त्याचा अर्थ. संस्कृतातला सच् धातू त्याचा नातलग, ज्यावरून सचिव. सोबत चालणारा तो सचिव. पुढं इंग्रजांच्या तोंडी दोन शब्द एकाच उच्चाराचे झाले आणि एकमेकांचं पाणी एकमेकांत मिसळलं, आमच्या मांडवी-जुवारीचं कुंभारजुव्याच्या कालव्यातून मिसळतं तसं. मराठीनं गणितासाठी 'संच' घेतला. तो सम् आणि चि ह्यातून झाला, वेचून एकत्र केलेला. रिक्त संच, उपसंच, आणि नाटकाच्या हस्तपत्रिकेवरचा नटसंच. चांगला शब्द आहे. पण कपबश्यांचा संच म्हणून बघा, दुकानदार आपल्याकडं सहानुभूतीनं बघतो.

आता मूळ 'सेट'कडं येते, कारण मला जी गोष्ट सांगायची आहे ती तिथं आहे.

सिट आणि सेट ज्या मुळातून आले त्याच मुळातून संस्कृतातला सद् धातू आला. सदन, संसद, परिषद, सभासद, सगळे बसलेले शब्द. उपनिषद म्हणजे जवळ खाली बसणं. इंग्रजीतलं पक्ष्याचं 'नेस्ट' आणि संस्कृतातलं 'नीड' हे तर एकच, खाली बसायची जागा. प्रसाद हाही सद्चाच. गढूळ पाणी बसलं, गाळ खाली गेला, वर निवळ झालं, ती निवळाई म्हणजे आधी प्रसाद, आणि मग मनाची, मग देवाची. आमच्याकडं देवळात प्रसाद घेतात तो खाण्याचा नव्हे. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या अंगावर बसवतात आणि प्रश्न विचारतात. लग्न करावं का, जमीन घ्यावी का. उजवी पडली की होकार. भटजी पाकळ्या बसवतात आणि त्या सुटण्याची वाट बघत सगळे बसतात. त्या वेळी सभामंडपात जी शांतता असते, तिच्यात गाळ खाली जातानाचा आवाजसुद्धा ऐकू येईल.

हे सगळं कळल्यावर मी आनंदले. मला वाटलं, आपलं 'बसणं' हेही सद्पासूनच निघालं असणार, म्हणजे सेट आणि बसवणं हे सख्खे चुलत भाऊ. एका दुपारी व्युत्पत्ती काढून पाहिली आणि तोंडघशी पडले. बसणं सद्चं नाही. जुन्या मराठीत ते 'बैसणें' होतं. ते आलं उप आणि विश् ह्यातून, उपविशति. विश् म्हणजे शिरणं, येऊन राहणं. प्रवेशातला वेश तो हाच. म्हणजे दोन शब्द अगदी वेगवेगळ्या गावांहून चालत आले आणि एकाच पायरीवर येऊन टेकले. चेहरा इतका सारखा की मी बहीण समजले.

हिरमुसले होते. पण संध्याकाळी दिवा लावून, सवयीनं, वडिलांची गीता उघडली. पहिला अध्याय, विषादयोग. विषादही सद्चाच, खचून बसणं. अध्यायाचा शेवटचा, 47वा श्लोक लहानपणापासून पाठ होता: अर्जुन असं बोलून धनुष्यबाण टाकून रथात बसला. 'रथोपस्थ उपाविशत्'. उपाविशत्! हाच आपला 'बसला'. आणि पान उलटलं की दुसऱ्या अध्यायाचा पहिला श्लोक, त्यात त्याच अर्जुनाला म्हटलंय 'विषीदन्तम्'. हा सद्. एकच माणूस, एकाच रथात, एका श्लोकात विश्नं बसला आणि लगेच पुढच्या श्लोकात सद्नं बसला. एक शरीरानं, एक मनानं. मराठीचं मूळ आणि इंग्रजीचं मूळ त्या रथात मांडीला मांडी लावून बसलेले मला दिसले. पन्नास वर्षं मी तो श्लोक म्हणत होते. वडील आता नाहीत, नाहीतर त्यांना झोपेतून उठवून सांगितलं असतं.

सूर्याचं तेवढं राहिलं. पाचवीत छळणारा तो सूर्य. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेत्लगांग' असा शब्द होता, आसनाकडं जाणं. दिवसभराचा शिणलेला इंग्रजी सूर्य जाऊन आपल्या आसनावर बसतो. आपला बसत नाही. मराठीत तो मावळतो, बुडतो. मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर बुडतोच, तिथं दुसरा शब्द सुचतच नाही. कोंकणीत पश्चिमेला अस्तंत म्हणतात. आणि अस्त म्हणजे काय? वेदांच्या भाषेत अस्त म्हणजे घर. अस्ताला गेला म्हणजे घरी गेला. वागातोरला मोबाईल वर धरून उभ्या असलेल्या गर्दीत हे कुणाला सांगावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं, आणि प्रत्येक वेळी मी शेंगदाणे घेऊन गप्प बसते.

माझ्या बहिणीचा मुलगा स्विंडनला आहे. इंग्लंडातल्या त्या गावात गोंयकार इतके आहेत की तिथं म्हणे आजारी पडलं तरी कोंकणीतून कण्हता येतं. तो गेला पोर्तुगीज पासपोर्टावर. 19 डिसेंबर 1961च्या आधी इथं जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवता येतो, मग नागरिकत्व. त्याच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या जन्माची नोंद काढायला मीच त्याच्यासोबत फोंड्याच्या नोंदणी कचेरीत हेलपाटे घातले. पिवळी पडलेली वही, पोर्तुगीज वळणदार अक्षर, शाई तपकिरी झालेली. त्या नोंदीला पोर्तुगीजमध्ये 'आसेंतु' म्हणतात. कचेरीतला माणूस सारखं आसेंतु, आसेंतु करत होता आणि माझा निवृत्त न झालेला कान टवकारला. आसेंतु म्हणजे बसायची जागा. वहीत बसवलेला माणूस. लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले आमचे एक मास्तर रागावले की इंग्रजी विसरून "सेंते-से!" म्हणून ओरडायचे, बसा खाली! तेच हे. लॅटिनच्या वाटेनं आलेला सद्.

आईचं नाव वहीत होतं, एक अक्षर चुकीचं. ते एक अक्षर दुरुस्त करायला सात महिने लागले. जन्मभर आपल्या नावात काही चूक नाही असं समजून ती बिचारी जगली.

पासपोर्ट आला आणि इकडचं नागरिकत्व गेलं. आणि मग ब्रिटननं युरोपशी काडीमोड घेतला. युरोपातल्या सगळ्यांना तिथं राहायचं तर अर्ज करा म्हणून सांगितलं, मुदत 30 जून 2021. पाच वर्षं झालेल्यांना मिळायचं 'सेटल्ड स्टेटस'. ज्यांची पाच वर्षं भरली नव्हती, त्यांना 'प्री-सेटल्ड'. भाच्याला आधी तेच मिळालं. फोनवर म्हणाला, "मावशे, हांव प्री-सेटल्ड." मी म्हटलं, म्हणजे रे काय? बसलेला नाही, उभाही नाही? गुडघ्यात वाकलेला? तो हसला, म्हणाला बरोबर, गोदामात रात्रपाळीला वाकलेलाच असतो. 430 अर्थांच्या कोशात हा अर्थ तेव्हा नव्हता. कुठल्यातरी कचेरीतल्या कारकुनानं तो घडवला आणि लाखो माणसं त्यात बसवली.

मागच्या वर्षी फोन आला, "मावशे, सेटल्ड मेळ्ळें." घरात सगळ्यांनी आनंद केला. बहिणीनं शेजारी नारळाच्या वड्या वाटल्या. 'मुलगा सेटल झाला' हे वाक्य मराठी मुलखात लग्नाच्या बाजारात फार मोलाचं असतं, नोकरी, घर, गाडी सगळं त्यात येतं. आमच्याकडं आता त्याला सरकारी शिक्काही होता. त्याच रात्री बहीण ओट्याशी उभी राहून भांडी पुसत मला म्हणाली, "सेटल जालो म्हणजे आता येवचो ना न्हय गे?" मी तिला काही सांगितलं नाही. सेटलसुद्धा त्याच मुळाचा, 'सेत्ल' म्हणजे आसन, हे तिला सांगून काय होणार होतं? आणि विश्चं एक लॅटिन भावंड आहे 'विकुस', म्हणजे वस्ती, त्यावरून पोर्तुगीजांचा 'व्हिझिन्यु' म्हणजे शेजारी, हेही नाही सांगितलं. शेजारी आंतोनाच्या घराला कुलूप आहे. त्याची मुलंही तिकडंच, आणि तोही गेला, भिंत बसली ती तशीच टाकून.

यंदा चवथीला भाच्याला रजा नाही. व्हिडिओवर येतो म्हणालाय. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायचं फळांचं छत, बांधायला नेहमी तो असायचा, उंच म्हणून. भावानं शिडी काढून ठेवली आहे. ओली सुपारी, तोरिंगण, नारळाची पेंड, कांगलां सगळं कुळागरातून आणि बाजारातून जमा झालं आहे. कांगलांची फळं फुटायला लागली की मला चवथ आल्यासारखी वाटते.

दार? दार बसलं नाही. चहा संपवून मेस्ताच्या पोरानं रंधा बाहेर काढला, फळीवर टेकवला, आणि बापाला फोन लावला. बाप पलीकडून ओरडला तो मलाही ऐकू आला. आता तासू नकोस, लाकूड भिजलेलं आहे. आता तासलंस तर उन्हाळ्यात आकसेल आणि फट पडेल. चवथ होऊ दे, पाऊस जाऊ दे, लाकूड आपलं आपण बसेल, मग काय उरेल तेवढंच काढ. पोरानं रंधा पिशवीत घातला. "फाल्यां येतां," म्हणाला.

ह्याला आता तीन आठवडे झाले. कोंकणीतल्या 'फाल्यां'चा कोशातला अर्थ उद्या असा आहे. बाकीचे अर्थ मोजायला कुणी कधी बसलं, तर मेस्त लोकांसाठी त्यानं वेगळा खंड काढावा. तोवर मी रात्री दाराला आतून वरवंटा लावून ठेवते. चार बोटांच्या फटीतून पावसाचं तुषार येतं, आणि पहाटे मांजर येतं, अंग चोरून, आणि वरवंट्याच्या शेजारी बसतं.